रिप्लाय आला, पण कुणाचा?

मागच्या अंकात शेवटी दोन ओळी टाकल्या होत्या, की नेट बंद पडलं की कंपनीला फोन लावायच्या आधी स्वतः एकदा पिंग (समोरचं मशीन नेटवर्कवर उत्तर देतंय का ते बघायची कमांड) मारून बघा. बऱ्याच जणांनी मारला, आणि आता स्क्रीनवर जे दिसलं त्याचं करायचं काय म्हणून पत्रांचा ढीग आलाय. म्हणून यावेळचं सदर सगळं पिंगवरच. मासिकात आपण कमांडसुद्धा देवनागरीतच छापतो, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडेच टाका, नाहीतर पुढच्या महिन्यात तीच तक्रार येणार!

प्रश्न : दादा नमस्कार. तासगाव तालुक्यात आमची द्राक्षबाग आणि बेदाण्याचं शेड आहे. सीझनला माल पडून असतो म्हणून शेडवर कॅमेरे बसवलेत, आम्ही राहायला सांगलीत विश्रामबागला. दिवसा मोबाईलवर सगळं झकास दिसतं, अंधार पडला की मागच्या बाजूचा कॅमेरा जातो, कधी येतो परत जातो. बसवणारा म्हणतो नेटचा प्रॉब्लेम, नेटवाला म्हणतो कॅमेऱ्याचा. तुमचं वाचून सांगलीच्या घरातून कॅमेऱ्याच्या नंबरला म्हणजे १९२.१६८.१.६४ ला पिंग मारला तर रिप्लाय येतोय! मग शेडवर जाऊन तिथल्या कॉम्प्युटरवरून मारला तर "रिप्लाय फ्रॉम १९२.१६८.१.५, डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल" आणि खाली लॉस शून्य टक्के. म्हणजे कॅमेरा चालू धरायचा का बंद? डोकं चालंना झालंय.

उत्तर : तुमचं पत्र पहिलं घेतलं कारण पिंगमधे माणूस जिथं जिथं फसतो ते सगळं तुमच्या एकट्याच्या पत्रात आलंय.

पिंग म्हणजे नुसती हाक आहे. तुमचा कॉम्प्युटर एक छोटं पॅकेट पाठवतो की आहेस का रे, समोरच्यानं ओ दिली की किती मिलिसेकंदात दिली ते लिहितो, बास. पण ओ कुणी दिली हे तुम्ही बघायचं असतं आणि ते कुणी बघत नाही, रिप्लाय शब्द दिसला की माणूस खूष.

आता सांगलीचं बघू. १९२.१६८ नं सुरू होणारे नंबर हे घरातल्या घरात वापरायचे नंबर, ते इंटरनेटवर जातच नाहीत. तुमच्या शेडवरच्या राउटरच्या मागं एक १.६४ आहे तसा विश्रामबागच्या घरातल्या राउटरच्या मागंही कुणीतरी १.६४ असणार, टीव्ही असेल, कुणाचा मोबाईल असेल. तुम्ही सांगलीत बसून हाक मारली ती घराबाहेर पडलीच नाही, घरातल्याच कुणीतरी ओ दिली. खात्री करायची असेल तर पिंगच्या पुढं हायफन टी लावून तो चालू ठेवा आणि घरातली एकेक वस्तू बंद करत जा, ज्याला बंद केल्यावर रिप्लाय थांबेल तोच तो. तेव्हा सांगलीवरून मारलेल्या पिंगचा तासगावच्या कॅमेऱ्याशी काडीचा संबंध नाही, ते सोडून द्या. मोबाईलवर दिसतं ते कॅमेरा स्वतः बाहेर कंपनीच्या सर्व्हरला जोडलेला असतो म्हणून, तो रस्ता वेगळा.

शेडवरचं मात्र कामाचं आहे. "रिप्लाय फ्रॉम १.५" असं आलंय, आणि हा १.५ कोण? माझी पैज आहे की तो तुमचा शेडवरचा कॉम्प्युटरच आहे, आयपीकॉन्फिग टाइप करून एंटर मारा, कळेल. एकाच नेटवर्कमधल्या मशीनला पॅकेट द्यायचं तर विंडोज आधी सगळ्यांना विचारतं की १.६४ कोण आहे, तुझा हार्डवेअरचा पत्ता दे. त्याला कुणी उत्तरच दिलं नाही, मग तुमच्याच विंडोजनं तुम्हाला कळवलं की बाबा तिथपर्यंत पोचता येत नाहीये. म्हणजे रिप्लाय दिसतोय तो स्वतःचा स्वतःलाच. आणि हे विंडोज इतकं भोळं की स्वतःच पाठवलेली ही चिठ्ठीसुद्धा आलेल्या उत्तरात मोजतं, म्हणून चार पाठवले चार आले लॉस शून्य. तो खालचा हिशोब बघायचाच नाही, वरच्या ओळीत "टाइम" आणि "टीटीएल" लिहिलेलं असेल तरच खरा रिप्लाय धरा. तेव्हा त्या वेळी तुमचा कॅमेरा बंदच होता, आणि नेटवाल्याचा यात काही दोष नाही कारण हा सगळा मामला शेडच्या आतलाच आहे, बाहेरचं नेट पूर्ण तोडून टाकलं तरी हा पिंग व्हायलाच पाहिजे.

आता दिवसा दिसतो आणि अंधार पडल्यावर जातो याचं. माझा संशय केबलवर आहे. अंधार झाला की कॅमेऱ्यातले इन्फ्रारेड दिवे लागतात आणि त्याला करंट जास्त लागतो. पॉवर त्याच नेटवर्कच्या केबलमधून जात असेल, आणि केबल लांब आणि स्वस्तातली असेल, म्हणजे ज्याला दुकानात सीसीए म्हणतात, वरून तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम, तर तिच्यात व्होल्टेज पडतं. दिवे लागले की कॅमेरा मान टाकतो, रीस्टार्ट होतो, परत दिवे लागतात परत मान टाकतो, तुमचं "कधी येतो परत जातो" ते हेच असावं. अंधाराची वाट बघायची गरज नाही, भर दुपारी शेडवरून पिंग हायफन टी चालू ठेवा आणि पोराला शिडीवर चढवून कॅमेऱ्याच्या तोंडावर जाड काळं फडकं टाकायला सांगा. कॅमेऱ्याला वाटतं रात्र झाली, दिवे लागतात. त्याच क्षणी आधी दोनचार ओळी "रिक्वेस्ट टाइम्ड आऊट" आणि मग अनरीचेबल सुरू झालं तर चोर सापडला. फडकं काढल्यावर मिनिटभरात परत रिप्लाय यायला लागतील.

पक्कं करायचं तर तोच कॅमेरा खाली काढून नेटवर्क स्विचजवळ (सगळ्या केबली जिथं एकत्र येतात तो डबा) छोट्या केबलवर लावून परत फडकं टाकून बघा. तिथं चालला तर केबल, तिथंही गेला तर कॅमेरा नाहीतर स्विचची पॉवर. आणि केबल मोजा, मागच्या बाजूपर्यंत १०० मीटरच्या वर गेली असेल तर पॉवरचं सोडा, डेटासाठीसुद्धा ती हद्दीबाहेर आहे. मधे एक स्विच टाकायला सांगा किंवा फायबर, आणि केबल पूर्ण तांब्याचीच मागा. सीसीए टाकणाऱ्याला मी तरी परत काम देणार नाही.

प्रश्न : सांगली मार्केट यार्डात आमची हळदीची अडत आहे. काउंटरचं मशीन आणि आतल्या केबिनमधलं मशीन अशी दोन. केबिनमधून काउंटरला पिंग होतो, काउंटरवरून केबिनला टाइम्ड आऊट. पण गंमत म्हणजे बिलं दोन्हीकडून निघतात. एकाच वायरीतून एकीकडं जातंय आणि दुसरीकडं जात नाही असं कसं?

उत्तर : वायर ठीक आहे हो, वायर वाईट असती तर इकडूनही झाला नसता, कारण केबिनमधून पिंग होतोय म्हणजे पॅकेट जातंही आहे आणि उत्तर परत येतंही आहे. केबिनमधल्या मशीनची फायरवॉल, म्हणजे आत काय येऊ द्यायचं ते ठरवणारा पहारेकरी, बाहेरून आलेल्या पिंगला उत्तर देत नाहीये एवढंच. विंडोज नेटवर्क जोडताना विचारतं ना पब्लिक का प्रायव्हेट, तिथं कुणीतरी पब्लिक दाबलं असणार, ते प्रायव्हेट करा, आणि फायरवॉलच्या इनबाउंड नियमांमधे "फाइल अँड प्रिंटर शेअरिंग, इको रिक्वेस्ट, आयसीएमपी व्ही फोर" असा नियम आहे तो चालू करा. त्यासाठी अख्खी फायरवॉल बंद करू नका! कुणीतरी भाचा नाहीतर पुतण्या येऊन हमखास तेच करून जातो.

पण बिलं निघतायत ना, मग मी म्हणेन हे नाही केलं तरी चालेल. पिंगला उत्तर देणं हे वेगळं काम आणि बिलाच्या सॉफ्टवेअरचा पोर्ट, म्हणजे त्याचं ये-जा करायचं दार, उघडा असणं हे वेगळं. काही मोठमोठ्या वेबसाइटी मुद्दाम पिंगला उत्तर देत नाहीत आणि तरी ब्राउझरमधे उघडतात. याच्या उलटही होतं, मशीन पिंगला छान उत्तर देतं आणि आतलं सॉफ्टवेअर केव्हाचं आडवं पडलेलं असतं. तुम्हाला खरंच सॉफ्टवेअरची खबर पाहिजे असेल तर पॉवरशेलमधे (विंडोजमधली कमांड टाइप करायची खिडकी) टेस्ट-नेटकनेक्शन नावाची कमांड आहे, तिला मशीनचा नंबर आणि पोर्ट दिला की ती थेट त्या दारावर टकटक करून सांगते, ट्रू नाहीतर फॉल्स. पोर्टचा नंबर सॉफ्टवेअरवाल्याला विचारून घ्या.

प्रश्न : सर मी कराडला डिप्लोमा कॉम्प्युटरला आहे. पिंग केल्यावर राउटरचा टीटीएल ६४ येतो, मित्राच्या विंडोज लॅपटॉपचा १२८, आणि ८.८.८.८ चा ११७. हे आकडे कुठून येतात? आणि पिंग बनवला कुणी? व्हायवाला (तोंडी परीक्षेला) विचारतात.

उत्तर : व्हायवाला विचारतात म्हणून नाही, पण गोष्ट चांगली आहे म्हणून सांगतो. माइक म्यूस म्हणून एक माणूस अमेरिकेत मेरीलँडमधे लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत होता. १९८३ च्या डिसेंबरमधे तिथलं नेटवर्क विचित्र वागायला लागलं. तेव्हा त्याला डेव्हिड मिल्स या दुसऱ्या एका जाणत्या माणसाचं बोलणं आठवलं, की पॅकेट पाठवून परत यायला किती वेळ लागतो ते मोजता येतं. पठ्ठ्यानं रात्रभर बसून साधारण हजार ओळींचा प्रोग्रॅम लिहिला, त्यासाठी ऑपरेटिंग सिस्टीमच्या कर्नलमधे, म्हणजे तिच्या गाभ्यात, पण हात घातला. आणि पहिला पिंग जाईपर्यंत तिकडं बिघडलेलं हार्डवेअर दुसऱ्यांनी शोधून बदलून पण टाकलं होतं! म्हणजे ज्या कामासाठी बनवला त्या कामाला उपयोगच झाला नाही आणि नंतर जगभर चाळीस वर्षं चाललाय. पाणबुडीच्या सोनार यंत्रात आवाज सोडून प्रतिध्वनी ऐकतात ती कल्पना त्याच्या डोक्यात होती. २००० साली मोटार अपघातात तो गेला.

त्याच्या आधीच, सप्टेंबर १९८१ मधे आरएफसी ७९२ (इंटरनेटचे नियम लिहिलेल्या कागदपत्रांपैकी एक) मधे जॉन पोस्टेलनं आयसीएमपी, म्हणजे पिंग ज्यावर चालतो ते नियम, लिहून ठेवलेलं होतं, त्यात इको रिक्वेस्टचा टाइप ८ आणि इको रिप्लायचा टाइप ०, हे पाठ करून ठेव. पिंग टीसीपीपण वापरत नाही आणि यूडीपीपण नाही, त्यामुळं पिंगचा पोर्ट नंबर कोणता असं कुणी विचारलं तर तो प्रश्नच फसवा आहे, पोर्ट नसतोच.

आता टीटीएल. प्रत्येक पॅकेटवर एक आकडा लिहिलेला असतो आणि वाटेत प्रत्येक राउटर त्यातला एक कमी करतो, शून्य झाला की पॅकेट टाकून देतो, नाहीतर रस्ता चुकलेली पॅकेटं गोल गोल फिरतच राहिली असती. लिनक्स सुरुवातीला ६४ लिहितं, विंडोज १२८, बरीच नेटवर्कची उपकरणं २५५. तू जो बघतोस तो उत्तर तुझ्यापर्यंत येताना उरलेला आकडा. तुझ्या राउटरच्या आत लिनक्स असणार आणि मधे कुणी नाही म्हणून पूर्ण ६४. ११७ म्हणजे बहुधा १२८ वरून निघून ११ राउटर ओलांडून आला. हा अंदाजच धर, कारण सुरुवातीचा आकडा ज्याला त्याला बदलता येतो, त्यामुळं टीटीएल बघून समोर विंडोज आहे असं छातीठोकपणे सांगू नकोस, परीक्षक मुरलेला असला तर तिथंच पकडेल.

हॉस्टेलच्या मशीनवर लिनक्स असेल तर लक्षात ठेव, विंडोज चार पिंग मारून थांबतं, लिनक्स थांबतच नाही, कंट्रोल सी दाबावं लागतं. आणि विंडोजमधे किती वेळा मारायचा ते हायफन एन, लिनक्समधे हायफन सी. हे उलटंपालटं करून निम्मा वर्ग अडकतो.

प्रश्न : साताऱ्यात शनिवार पेठेत जुन्या घरात राहते, पुण्याच्या कंपनीचं काम घरून करते. ८.८.८.८ ला पिंग ७ मिलिसेकंद येतो, म्हणजे लाइन उत्तम असं नेटवाले म्हणतात. तरी मीटिंगमधे माझा आवाज तुटतो, विशेषतः दुपारी मुलगी कॉलेजमधून आल्यावर! आणि सात मिलिसेकंदात अमेरिकेला जाऊन येतं का हो?

उत्तर : शेवटचा प्रश्न आधी घेतो कारण तो मला फार आवडला. नाही, जात नाही, जाणं शक्यच नाही. फायबरच्या काचेतून उजेड सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन धरलं तर १०० किलोमीटरला १ मिलिसेकंद. सातारा ते मुंबई अडीचशेच्या आसपास, म्हणजे अडीच मिलिसेकंद नुसत्या काचेतच, वर मधल्या राउटरांचे थोडे थोडे. तुमचे सात बरोबर मुंबईच्या हिशोबात बसतात. ८.८.८.८ हा एकच नंबर गूगलनं जगात बऱ्याच ठिकाणी ठेवलाय आणि जवळचा असेल तो उत्तर देतो. खरं अमेरिकेला गेलं असतं तर शंभराच्या आत येऊच शकत नव्हतं, साधारण दोनशेच्या पुढंच दिसतं.

आता आवाजाचं. चार पिंग मारले, सात आला, झालं असं नसतंय. आवाज तुटायला पिंग जास्त असावा लागतो असं नाही, तो हलता असला तरी पुरे. एक सात, पुढचा दोनशे, मग एक गेलाच, मग परत सात, तर सरासरी बरी दिसते आणि तुमचा आवाज रोबोटसारखा होतो.

मुलगी आल्यावर कमांड प्रॉम्प्टच्या दोन काळ्या खिडक्या उघडा. एकीत राउटरला पिंग हायफन टी, राउटरचा नंबर आयपीकॉन्फिगमधे डीफॉल्ट गेटवे म्हणून दिसतो, आणि दुसरीत ८.८.८.८ ला पिंग हायफन टी. दोन्ही शेजारी शेजारी चालू ठेवून काम करा. आवाज तुटला की दोन्हीकडं बघा. राउटरचाच आकडा एक-दोनवरून शंभर-दीडशेवर उड्या मारत असेल तर बाहेरच्या लाइनला शिव्या देऊन उपयोग नाही, तुमचं वायफाय आजारी आहे, आणि पेठेतल्या जुन्या घरांच्या त्या हातभर जाड भिंती बघता मला त्यात नवल वाटणार नाही. एक लांब केबल ओढून लॅपटॉपला लावा, मीटिंगचा माणूस वायफायवर नसावा या मताचा मी आहे.

पण राउटर शांत एक-दोनवर आहे आणि बाहेरचाच सातावरून तीनशेवर जातोय तर अपलोड तुंबलंय. पोरीच्या मोबाईलनं घरात आल्याआल्या वायफाय पकडून दिवसभराचे फोटो-व्हिडिओ बॅकअपला टाकले की राउटरमधे रांग लागते आणि तुमचा आवाज त्या रांगेत मागं उभा. बॅकअप रात्रीचा लावा. राउटरमधे क्यूओएस, म्हणजे कुणाला आधी सोडायचं ते ठरवायची सोय, असेल तर तुमच्या लॅपटॉपला आधी नंबर द्या. आणि घरातलं सगळं बंद असतानासुद्धा बाहेरचा आकडा उड्या मारत असेल तर मात्र नेटवाल्यांना तोच स्क्रीनशॉट पाठवा, दोन्ही खिडक्या शेजारी दिसतील असा, त्याला ते नाही म्हणू शकत नाहीत.

प्रश्न : वाईला आमचं छोटं लॉज आहे. नेट स्लो वाटलं म्हणून ट्रेसर्ट (पॅकेट वाटेत कोणकोणत्या राउटरमधून जातं ते दाखवणारी कमांड) केलं तर चौथ्या ओळीत नुसते स्टार स्टार येतात, पुढं पाचव्यापासून परत आकडे. चौथा राउटर खराब आहे म्हणून तक्रार केली तर ऐकत नाहीत.

उत्तर : यावेळी ते बरोबर आहेत. पाचवा उत्तर देतोय म्हणजे पॅकेट चौथ्यातूनच पुढं गेलं ना! काही राउटर पॅकेट पुढं ढकलतात पण स्वतः उत्तर द्यायचं टाळतात, किंवा काम जास्त असलं की ते मागं टाकतात. एका ठिकाणी स्टार किंवा मोठा आकडा आणि पुढं परत नीट, तर दुर्लक्ष करा. एका ठिकाणापासून शेवटपर्यंत सगळंच वाढलेलं असेल तर तिथं बोट ठेवा. आणि पाहुण्यांनी लॉज भरलेलं असताना आणि रिकामं असताना असं दोन्ही वेळेला करून बघा, मला लाइनपेक्षा गर्दीचाच संशय येतोय.

प्रश्न : आटपाडीजवळच्या शाळेत शिक्षक आहे. नेट कधी जातं ते कळावं म्हणून पिंग हायफन टी दिवसभर चालू ठेवला तर डोंगलचा डेटा किती खाईल? आणि एक सहकारी म्हणाले दुसऱ्याला पिंग मारणं गुन्हा आहे, खरं का? आणि कधीकधी ८.८.८.८ होतो पण वेबसाइटच्या नावाला "कुड नॉट फाइंड होस्ट" येतं.

उत्तर : गुरुजी, डेटाचा हिशोब मुलांना फळ्यावर घालण्यासारखा आहे. विंडोजच्या पिंगमधे ३२ बाइट माल, त्यावर ८ बाइट आयसीएमपीचं आणि २० बाइट आयपीचं वेष्टन, झाले ६०. तेवढंच परत येतं, १२०. सेकंदाला एक, दिवसाचे ८६,४०० सेकंद, गुणाकार केला की १ कोटी ३ लाख ६८ हजार बाइट, म्हणजे पूर्ण २४ तासांत १० एमबीच्या थोडं वर. मुलांच्या एका व्हिडिओपेक्षा कमीच, बिनधास्त चालू ठेवा. फक्त नुसत्या हायफन टीमधे वेळ लिहून येत नाही त्यामुळं नेट किती वाजता गेलं ते कळणार नाही. लिनक्सवर हायफन मोठा डी लावला की प्रत्येक ओळीपुढं वेळेचा आकडा येतो, पण तो सेकंदात मोजलेला असतो, घड्याळासारखा नाही. विंडोजमधे पॉवरशेलची चार ओळींची स्क्रिप्ट लागेल, कॉम्प्युटरच्या एखाद्या माजी विद्यार्थ्याला धरा.

गुन्ह्याचं म्हणाल तर साधा पिंग मारण्यात काही नाही, ८.८.८.८ ला रोज सगळं जग मारतं. पण दुसऱ्याचं मशीन बंद पाडायच्या इराद्यानं पिंगचा मारा केला तर ते २००० च्या आयटी कायद्याच्या कलम ४३ मधे येतं, दुसऱ्याच्या नेटवर्कमधे अडथळा आणणं म्हणून. हे मुलांना जरूर सांगा, कारण लॅबमधे हायफन एल लावून ६५,५०० बाइटचे पिंग एकमेकांना मारायचा खेळ प्रत्येक बॅच शोधून काढतेच.

आणि नंबरला होतो, नावाला नाही, म्हणजे लाइन चालू आहे, नावावरून नंबर सांगणारा डीएनएस उत्तर देत नाहीये. नेटवर्कच्या सेटिंगमधे डीएनएस म्हणून ८.८.८.८ किंवा १.१.१.१ टाका, मग आयपीकॉन्फिग स्लॅश फ्लशडीएनएस मारा आणि परत नावाला पिंग करून बघा.